अकरा कांड्या आणि एक सही

रंगनाथची सही देखणी होती. सातवीत असताना गुरुजींनी कित्ता गिरवून घेतला, तेव्हापासूनचं ते वळण. अक्षरं सुटी सुटी, आडनावाखाली एक सरळ रेघ आणि रेघेच्या शेवटी एक ठिपका. नाशिकजवळ, मखमलाबादच्या पुढे मातोरीच्या वाटेला त्यांची आठ घरांची माळ्यांची वस्ती. वस्तीवर कोणाचा रेशनकार्डाचा अर्ज असो, भावाभावांतल्या वाटणीचा कागद असो, साक्षीदार म्हणून खाली रंगनाथची सही ठरलेली. तोही कधी नाही म्हणत नसे. झेंडूच्या पाट्या भरत असला, तरी हात धुऊन, धोतराला पुसून, खाटेवर बसून नीट सही करायचा. वस्तीवर सगळे त्याला नाना म्हणत. त्याची बायको चंद्रभागा मात्र म्हणायची, "सहीला बसता तेवढं कोथिंबिरीच्या वाफ्यात बसले असते तर बरं झालं असतं."

सावळीराम वस्तीवरचा नव्हता. तो सिन्नरकडचा. तिकडे पाणी खोल आणि खडक काळा, त्यामुळे विहिरी फोडायची कला त्याच्या मामाकडून त्याच्याकडे आली होती. वस्तीतल्या फुलाबाईशी लग्न झालं आणि तो इथंच राहिला. उन्हाळ्यात पंचक्रोशीत जिथे विहीर खोल करायची असेल तिथे सावळीरामला बोलावणं यायचं. पहार आणि घणानं खडकात हातभर खोल छिद्रं पाडायची, त्यात सुरुंगाची कांडी बसवायची, तिला उडवणारी केप आणि वात जोडायची, वरून माती ठासायची. मग सगळ्यांना दूर पिटाळून "बार हाय, बार!" अशी आरोळी ठोकून वाती पेटवायच्या आणि दोरानं सरसर वर यायचं.

माणूस बोलायला फटकळ, पण कामात फार सावध. बार लावण्याआधी तो आजूबाजूच्या शेळ्या, कोंबड्यासुद्धा हाकलून द्यायचा. एकदा भागीबाईची म्हैस बांधावर बसली होती आणि ती काही उठेना, तर त्यानं तासभर बार थांबवला. भागीबाई म्हणाली, "आरं, ती बहिरी हाय, तिला काय कळतंय?" तर हा म्हणाला, "तिला नाय कळलं तरी मला कळतंय ना, मावशे." कांड्या आणि केपा तो कधी एका जागी ठेवत नसे. कांड्या हत्यारांच्या लाकडी पेटीत, कोरड्या फडक्यात. केपा घरात माळ्यावर, डब्यात, फुलाबाईचा हात पोचणार नाही इतक्या आत.

ब्याण्णव सालच्या उन्हाळ्यात रंगनाथनं आपली विहीर दोन परस, म्हणजे दोन माणसांच्या उंचीइतकी, आणखी खोल करायला घेतली. निम्मं काम झालं आणि पाऊस आला. विहीर भरली. अकरा कांड्या उरल्या. "राहू दे तुझ्यापाशीच," रंगनाथ म्हणाला, "पाडवा झाला की पुन्हा धरू." वास्तविक उरलेलं सामान परत द्यायचं असतं, नाहीतर नष्ट करायचं असतं, ते सावळीरामलाही माहीत होतं आणि रंगनाथलाही. पण पुन्हा आणायला सिन्नरला जा, चिठ्ठ्या घ्या, कोणाला एवढा वेळ? सगळेच विहीरवाले असंच करायचे.

त्या वर्षी खंडेनवमीला सावळीरामनं घण, पहारी, दोरखंड धुऊन ओट्यावर मांडले. वस्तीवर त्या दिवशी खुरपी, विळे, नांगर, सगळ्यांची पूजा असते आणि हत्याराला हात लावायचा नसतो. रंगनाथ प्रसादाला गेला तेव्हा सावळीराम पेटीतून एकेक कांडी काढून तिच्यावर कुंकवाचं बोट ओढत होता.

"हे काय रे?" रंगनाथ हसला.

"खरं काम तर ह्याच करत्यात नाना. घण नुसता जागा करून देतो."

"मग एकीला लाव की. अकरांना कशाला?"

"एकीला लावलं अन् धाजणींना नाय, असं कसं? उद्या खाली विहिरीत मी एकटा आन् ह्या रुसलेल्या." फुलाबाई आतून खळखळून हसली. रंगनाथनं शेंगदाण्याचा लाडू खाल्ला आणि घरी आला. त्या कुंकवाचं पुढे काय होणार आहे, हे तिघांपैकी कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

मार्चमध्ये मुंबईत स्फोट झाले. वस्तीवर एकाच घरी टीव्ही होता, तिथे सगळे जमून बघत बसले. ती माणसं, त्या गाड्या, ती रडणारी बाई. सावळीराम मागे भिंतीला टेकून उभा होता. "लय वाईट केलं," एवढंच म्हणाला. मग थोड्या वेळानं, "खाली माणसं हायेत हे बघून बार लावला. बघून." आणि घरी गेला.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी वस्तीवर जीप आली. जिल्ह्यातल्या सुरुंगवाल्यांची यादी पोलिसांनी कुठून तरी मिळवली होती आणि घरोघरी तपासणी चालली होती. फौजदारानं विचारलं, "लिहिता-वाचता येणारं कोण आहे इथं? पंच पाहिजे." आठ घरांनी एकदम रंगनाथकडे बघितलं.

पेटीतून कांड्या निघाल्या. फौजदारानं फडकं उलगडलं आणि तो थबकला. अकराही कांड्यांवर कुंकवाच्या रेघा होत्या, वाळून काळपट झालेल्या.

"याची पूजा केलीय?"

"केली साहेब," सावळीराम म्हणाला.

"का?"

"करत्यात साहेब. हत्यार हाय."

"हत्यार!" फौजदारानं शेजारच्या हवालदाराकडे बघितलं. हवालदारानं तो शब्द लिहून घेतला. मग माळ्यावरून केपांचा डबा निघाला. "आणि हे लपवून ठेवलं होतं," फौजदार म्हणाला. सावळीराम सांगायला गेला की दोन्ही एकत्र ठेवलं तर घर उडेल, म्हणून वेगळं ठेवतात. ते ऐकून फौजदार आणखी गंभीर झाला. ज्याला इतकं माहीत आहे तो माणूस साधा नसणार, असं त्याला वाटलं असावं. तो काही दुष्ट माणूस नव्हता. चार रात्री झोपला नव्हता आणि वरून विचारणा होत होती.

"कोणी ठेवायला दिल्या? ज्यानं दिल्या त्यालाही आत घेऊ. बोल."

सावळीरामनं मान वर केली. रंगनाथ समोरच उभा होता, हाताच्या अंतरावर. दोघांची नजरानजर झाली. रंगनाथच्या तोंडात शब्द आला होता, आणि तो तसाच आत गेला. घरात सात-आठ वर्षांची मुलगी छाया होती. शेवंती काढणीला आली होती. आज ना उद्या सोडूनच देतील, असंही त्याच्या मनात आलं.

"माझ्याच हायेत," सावळीराम म्हणाला.

मग पंचनामा वाचून दाखवला गेला. 'पूजाविधी करून ठेवलेली स्फोटके' असं त्यात होतं. रंगनाथनं खाटेवर बसून सही केली. हात धुतलेलेच होते. रेघ ओढली, ठिपका दिला.

आज ना उद्या काही झालं नाही. सावळीरामवर टाडा लागला; हा शब्द वस्तीवर त्याआधी कोणी ऐकला नव्हता. त्यात जामीन होत नाही, हे फुलाबाईला तिसऱ्या महिन्यात कळलं. ती रंगनाथच्या दारात आली, उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली.

"नाना, तुमच्या विहिरीच्या व्हत्या, येवढं जाऊन सांगा ना."

"सांगणार हाय मी. कोर्टात सांगणार. आत्ता सांगितलं तर मलाबी आत टाकतील, मग कोर्टात बोलायला बाहेर राहील कोण?"

हे त्यानं इतक्या वेळा मनात घोळवलं होतं की ते त्याला खरंच पटलं होतं. फुलाबाईनं त्याच्याकडे नुसतं बघितलं. "बरं," म्हणाली आणि गेली. त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही. पाण्याला जायची वाट तिनं बदलली. पालकाच्या जुड्या बांधून ती पंचवटीच्या बाजारात बसू लागली. रंगनाथ कधी तिच्या ओट्यावर कोथिंबीर ठेवून यायचा. संध्याकाळी ती कोथिंबीर फुलाबाईची शेळी खाताना दिसायची.

वस्तीवरची भाषाही हळूहळू बदलली. पहिले काही महिने 'बिचारा सावळीराम' होतं. मग 'काय सांगता येतंय' आलं. ज्या भागीबाईच्या म्हशीसाठी त्यानं तासभर बार थांबवला होता, ती एक दिवस म्हणाली, "सिन्नरकडचा तो, आपल्याला त्याचं काय मागचं-पुढचं ठावं?" रंगनाथ तिथे पाट्या भरत होता. तेव्हाही तो बोलला नाही.

पंच्याण्णव साली तो कायदा गेला. त्यात अडकलेली माणसं मात्र आतच राहिली. खटला उभा राहिला तेव्हा सत्त्याण्णव उजाडलं होतं.

रंगनाथ पांढरे कपडे घालून कोर्टात गेला. चंद्रभागा म्हणाली होती, "आज नाय बोलले तर मी तुमच्या हातचं पाणी पिणार नाय." सरकारी वकिलानं विचारलं, सही तुमचीच? माझीच. अकरा कांड्या तुमच्यासमोर सापडल्या? सापडल्या. कुंकू होतं? होतं. बस्स. तो खाली उतरायला लागला, तेवढ्यात सावळीरामला सरकारनं दिलेला तरुण वकील उठला.

"कुंकू कधी लावलं होतं, माहीत आहे तुम्हाला?"

"खंडेनवमीला. मी तिथंच व्हतो, प्रसादाला."

"कांड्या कशासाठी होत्या?"

"माझ्या विहिरीसाठी. मीच म्हणालो ठेव म्हणून."

कोर्टात कुजबुज झाली. सरकारी वकील म्हणाले, साक्षीदार फितूर झाला आहे. न्यायाधीशांनी चष्मा काढला आणि विचारलं, "चार वर्षं हे का सांगितलं नाहीत?"

"भ्यालो, साहेब."

तरुण वकिलानं विचारलं, "आरोपीला भ्यालात?"

"त्याला कशाला भिऊ? तो शेळ्यासुद्धा हाकलून मग बार लावायचा."

"मग कोणाला?"

रंगनाथनं समोर बघितलं. दाराशी दोन शिपाई उभे होते, बाकावर तो फौजदार बसला होता, आता बढती मिळालेला. वर न्यायाधीश होते. रंगनाथनं तोंड उघडलं आणि मिटलं. लिहिणाऱ्यानं 'साक्षीदार गप्प' असं लिहिलं. पिंजऱ्यात सावळीराम उभा होता. त्याचे केस पांढरे झाले होते आणि पुढचे दोन दात नव्हते. तो रंगनाथकडे बघत नव्हता, खिडकीबाहेर बघत होता.

निकाल दोन महिन्यांनी लागला. लोकांत दहशत पसरवण्याचा हेतू सिद्ध होत नाही. विनापरवाना बाळगणं सिद्ध होतं. भोगलेली शिक्षा पुरेशी आहे.

"म्हंजे सुटले का नाय?" फुलाबाईनं वकिलाला विचारलं.

"सुटले."

"त्ये तसले नव्हते, असं लिहिलंय ना?"

"तसं लिहीत नाहीत बाई. सिद्ध झालं नाही, असं लिहितात."

"मंग चार वर्षं कशाची?"

"कांड्यांची," वकील म्हणाला, आणि त्यालाच ते बोलून कसंसं झालं.

सावळीराम घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी रंगनाथ धीर करून गेला. सावळीरामनं त्याला बसायला जागा दिली.

"मी भ्यालो रे, सावळीराम."

"ऐकलं मी कोर्टात."

"तू माझं नाव घेतलं नाहीस. मार खाल्लास, पण घेतलं नाहीस."

सावळीराम म्हणाला, "घेणार व्हतो नाना. पण मार इतका व्हता का नावच आठवंना." तो थट्टेनं म्हणाला की खरं म्हणाला, हे रंगनाथला त्या दिवशी कळलं नाही आणि पुढेही कधी कळलं नाही. हसावं की पाया पडावं, या पेचात तो तसाच बसून राहिला.

सावळीरामनं पुन्हा घण धरला नाही. नाशिकच्या द्वारका चौकात एका टपरीवर ट्रकवाल्यांना चहा द्यायचं काम मिळालं होतं. मालकाला कोणीतरी जुनं प्रकरण सांगितलं आणि ते गेलं. मग तो फुलाबाईबरोबर पालकाच्या जुड्या बांधू लागला.

दोन हजार सहा साली मालेगावला स्फोट झाले. आपल्याच जिल्ह्यात, दोन-अडीच तासांवर. त्या दिवसांत छाया स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होती. ओट्यावर बसून मोठ्यानं पाठांतर करायची तिची सवय.

"कशाचं पाठ करू राहिली?" रंगनाथनं विचारलं.

"दहशतवादाची व्याख्या. चार वेगवेगळ्या आहेत, आणि एकीचा दुसरीशी मेळ नाही. एकीत सरकार धरलंय, एकीत सोडलंय. एक म्हणते हेतू बघा, एक म्हणते परिणाम बघा."

"मग परीक्षेत कोणती लिहायची?"

"चारही. पाच मार्कांना आहे."

"अन् कारणं?"

"कारणं दहा आहेत. गरिबी, अन्याय, धर्मांधता, सूड..." तिनं वहीचं पान उलटलं. "पण सर म्हणाले, दहाच्या दहा ज्याच्या बाबतीत आहेत तोही बहुतेक वेळा काहीच करत नाही. म्हणून कारणं लिहा, पण 'असे मानले जाते' असं लिहा."

"यात सावळीकाका कुठं बसतो गं?" रंगनाथनं विचारलं.

"कुठंच नाही बाबा. व्याख्येत हेतू असतो. त्यांचा हेतू विहीर होता."

"ते त्या दिवशी कोणाला कळावं?"

छायानं वहीतून मान वर केली नाही. "तुम्हाला कळलं होतं," ती म्हणाली. कुत्सितपणे नाही, जशी वहीतली ओळ वाचावी तशी.

दुसऱ्या दिवशी सकाळीच रंगनाथ सावळीरामच्या ओट्यावर गेला. सावळीराम अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून बसला होता.

"कुठं निघालास?"

"कुठं नाय. येतील ना ते. कुठं काय झालं का येतात. यादीत नाव हाय. तुम्हाला ठावं नाय, तुम्ही बाजारात आसता तेव्हा."

"कवापासून?"

"सुटलो तवापासून." मग त्यानं सांगितलं, की नाशिकरोडला जेलमध्ये शेवटची दोन वर्षं त्याच्या शेजारी एक पोरगा होता. त्यानं खरंच बार लावला होता, माणसांमध्ये. नाव, गाव सावळीरामनं सांगितलं नाही. "पयले दोन म्हयने मी बोललोच नाय त्याच्याशी. थुंकावंसं वाटायचं. पर जेवायला शेजारीच बसायचं म्हणल्यावर किती दिस तोंड फिरवणार? मंग इचारलं, का रे केलंस? म्हणला, माझ्या भावाला मारलं म्हणून. मला वाटलं, चला, कळलं. पुढच्या आठवड्यात म्हणतो, मला भाऊच नव्हता. मंग म्हणला, एका माणसानं सांगितलं. मंग म्हणला, झोप येत नव्हती. नाना, जी माणसं मेली त्यांची नावं त्याला पाठ व्हती. सगळी. मी म्हणलं, कशाला पाठ केली? तर त्यो रडायला लागला, अन् मंग हसायला. मी दोन वर्षं शेजारी झोपलो त्याच्या. मला नाय कळलं. अन् हे साहेब लोक माझ्या पेटीत बघून पाच मिन्टात कळलं म्हणत्यात."

जीप दहाच्या सुमाराला आली. नवा अधिकारी तरुण होता आणि अदबीनं बोलत होता. "काका, रूटीन आहे. संध्याकाळी सोडतो." रंगनाथही जीपकडे निघाला.

"तुम्ही कोण?"

"मी त्या वेळचा पंच."

"आज पंच नकोय, आजोबा."

"पंच म्हणून नाय. त्या कांड्या माझ्या व्हत्या. लिहून घ्या."

"कोणत्या कांड्या?" अधिकाऱ्यानं हातातली यादी बघितली. त्यात सावळीरामचं नाव, वय आणि पत्ता एवढंच होतं. "बसा, यायचंय तर या," तो म्हणाला.

दिवसभर दोघे ठाण्याच्या बाकावर बसले. रंगनाथनं समोरून जाणाऱ्या तिघांना आपलं म्हणणं सांगितलं. तिघांनीही ऐकून घेतलं, पण कोणी कागद काढला नाही. सही मागितली नाही. तेरा वर्षांपूर्वी जी गोष्ट एका वाक्यात माणूस सोडवू शकली असती, ती आता कोणाला नको होती. संध्याकाळी दोघांना सोडलं. परतताना सावळीराम म्हणाला, "पुढच्या वेळेला तुम्ही नका येऊ, नाना. तुमची फुलं वाळतात."

पण रंगनाथ पुढच्या वेळेलाही गेला. देशात कुठेही काही झालं, की बातमी ऐकून तो चंद्रभागेला "येतो" म्हणायचा आणि सावळीरामच्या ओट्यावर जाऊन बसायचा. दोघे फारसं बोलत नसत. फुलाबाई रंगनाथला चहा देऊ लागली, बोलायची मात्र नाही.

दोन हजार आठच्या पावसाळ्यात अशीच दूरच्या शहरांतली बातमी आली. दोघे सकाळपासून बसले. दुपार झाली. रस्त्यावर एक टेम्पो गेला, एक मोटारसायकल गेली. चार वाजता रंगनाथ म्हणाला, "आज नाय यायचे, सावळीराम. आता यादीतून काढलं आसंल नाव. उठ, सदरा बदल."

सावळीराम रस्त्याकडेच बघत होता. "उठलो अन् आले तर?" तो म्हणाला.

रंगनाथनं छायाला हाक मारून सांगितलं, की माझं ताट इकडेच पाठव, आणि तो पुन्हा त्याच्याशेजारी बसला.